त्रसरेणूचें मोजमाप

सकाळची पूजा आटोपून आम्ही माजघरांत बसलों म्हणजे पूर्वेच्या खिडकींतून उन्हाचा एक तिरपा पट्टा जमिनीवर उतरतो. त्या पट्ट्यांत असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांस ना वर जाण्याची घाई, ना खालीं बसण्याची. ऊन सरकलें कीं ते दिसेनासे होतात. पण नाहींसे होत नाहींत. जे कण क्षणापूर्वीं उन्हांत नाचत होते तेच आतां सांवलींत नाचत असतात. फक्त आपल्या डोळ्यांस त्यांची वार्ता पोंचविणारा दूत तेवढा निघून गेलेला असतो.

आमच्या पूर्वजांनीं या कणास एक सुंदर नांव दिलें आहे: त्रसरेणु. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोनें, रुपें व तांबें यांच्या तोलाचीं मापें सांगतांना प्रारंभ याच कणापासून केला आहे. जाळींतून आलेल्या उन्हांत जी अतिसूक्ष्म धूळ दिसते ती सर्व मापांत पहिली. अशा आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांचा एक राजसर्षप, तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक मध्यम यव, आणि तीन यवांचा एक कृष्णल, म्हणजे सोनाराच्या तराजूंतील आपली गुंज. वैशेषिकांनींही याच कणास हाताशीं धरून त्याचे आणखी विभाग कल्पिले, व तीन द्व्यणुकांचा तो एक त्रसरेणु असें ठरविलें.

हें सारें आम्हीं बालपणीं मुखोद्गत केलें आणि पुढें वर्षानुवर्षें शाळेंत मुलांकडून करवून घेतलें. परंतु त्रसरेणूचें माप खरोखर केवढें, हा प्रश्न आमच्या मनांत साठी उलटेपर्यंत कधीं आला नाहीं. तो आला, आणि आला तो एका चुकीच्या वाटेनें. ती चूक आमचीच असल्यामुळें ती प्रथम सांगणें प्राप्त आहे.

आमची चूक

आमच्या वहिनींस दम्याचा जुना विकार आहे. गेल्या वर्षीं ज्येष्ठांत डॉक्टरांनीं त्यांस एक नवें औषध दिलें. लहानशा कॅप्सूलमध्यें चिमूटभर पांढरी भुकटी. ती कॅप्सूल एका छोट्या उपकरणांत घालावयाची, कळ दाबून तिला भोंक पाडावयाचें आणि तोंडानें जोराचा श्वास ओढून भुकटी आंत घ्यावयाची. पहिले दोन दिवस वहिनींनीं तसें केलें. पण भुकटी घशाशीं लागून ठसका येई. तिसऱ्या दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, हें ओढणें कांहीं मला जमत नाहीं. चूर्णच आहे ना? मधांतून चाटलें तर चालणार नाहीं का?"

आम्ही संस्कृत शिकलेले. वैद्यकाचे चार श्लोक व अनुपानाचे नियम ठाऊक असलेले. आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "न चालायला काय झालें? औषध तें औषध. पोटांत गेलें म्हणजे झालें."

त्याप्रमाणें दीड महिना नित्यनेमानें मधांतून औषध घेणें चाललें. आषाढ सरतां सरतां एका रात्रीं वहिनींस असा वेग आला कीं त्यांस शब्द बोलवेना. ओठ निळसर दिसूं लागले. शेजाऱ्यांच्या मोटारींतून त्यांस रुग्णालयांत नेलें. ती रात्र आम्हीं व आमच्या थोरल्या बंधूंनीं बाहेरच्या बाकावर बसून काढली. देवाची कृपा व डॉक्टरांची तत्परता, म्हणून तिसऱ्या दिवशीं त्या घरीं आल्या. डॉक्टरांनीं औषध कसें घेतां म्हणून विचारलें तेव्हां वहिनींनीं भोळेपणानें मधाची हकीकत सांगितली. ती कोणाच्या सल्ल्यानें हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. त्यांचें तें मौन आम्हांस कोणत्याही बोलापेक्षां अधिक लागलें.

वहिनींचा धाकटा मुलगा परगांवीं एका औषधांच्या कारखान्यांत परीक्षणाच्या कामावर असतो. तो धांवून आला. त्यास आम्हीं एकांतीं सर्व कबूल केलें. तो रागावला नाहीं. तो म्हणाला, "काका, औषध तेंच होतें, वजनही तेंच होतें. पण त्याचा कण छातीच्या वाटेसाठीं घडवलेला होता. तुम्हीं त्यास पोटाच्या वाटेस लावलेंत." कणाचें आकारमान हेंच त्या औषधाचें अर्धें सामर्थ्य, हें वाक्य आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें. ही गोष्ट समजून घेतल्यावांचून आमच्या मनास स्वस्थता मिळणार नव्हती.

बारीक म्हणजे किती बारीक?

बारीकपणाची पारख आपल्या घरांत नवी नाहीं. चूर्ण वस्त्रगाळ असावें, पुरणपोळीचें पीठ मैद्याच्या चाळणीनें चाळावें, रांगोळी बोटांतून सरसर सुटावी, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. रसशास्त्रांत भस्माच्या दोन परीक्षा सांगितल्या आहेत त्या तर फारच मार्मिक आहेत. भस्म आंगठा व तर्जनी यांमध्यें चोळलें असतां तें बोटांच्या रेषांत जाऊन बसलें पाहिजे. त्यास रेखापूर्ण म्हणतात. आणि स्थिर पाण्यावर टाकलें असतां तें तरंगलें पाहिजे; त्यास वारितर म्हणतात. ज्या काळीं सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळीं मनुष्यानें आपल्या बोटांच्या रेषा हीच मोजपट्टी केली, हें कौतुकास्पदच होय.

परंतु या परीक्षांचें उत्तर 'उतरलें' किंवा 'उतरलें नाहीं' एवढेंच येतें. 'किती' या प्रश्नास त्या मुक्या आहेत. 'किती' विचारावयाचें तर एकक हवें. सूक्ष्म कणांच्या प्रांतांतील एकक म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केंस साधारणपणें पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो; रक्तांतील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. वहिनींच्या औषधाचे कण एक ते पांच मायक्रॉनांच्या दरम्यान असावे लागतात. त्याहून मोठे असले तर ते श्वासाबरोबर वळण घेऊं शकत नाहींत व घशावरच आदळून राहतात. फार लहान असले तर त्यांतील पुष्कळसे आंत न टिकतां उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. म्हणजे केंसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा कण, आणि तोही नेमक्या मर्यादेंतला!

येथें आम्हांस आमचा त्रसरेणु आठवला व आम्हीं पाटी घेऊन गणित मांडलें. वर दिलेल्या कोष्टकाप्रमाणें आठ, तीन, तीन, सहा व तीन यांचा गुणाकार केला तर एका गुंजेचे १२९६ त्रसरेणु होतात. गुंज सुमारें ०.१२ ग्रॅम भरते. तेव्हां एका त्रसरेणूचें वजन आलें ग्रॅमच्या अकरा हजाराव्या भागाच्या आसपास. पाण्याइतक्या घनतेचा गोल कण धरला तर एवढ्या वजनाच्या कणाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून अधिक निघतो. हा तर रव्याचा दाणा झाला! तो कांहीं उन्हांत तरंगावयाचा नाहीं. तो सरळ जमिनीवर पडेल. उलट दहा मायक्रॉनांचा खरोखरीचा तरंगता कण घेतला तर तो या हिशेबी त्रसरेणूहून पावणेदोन लाख पटींनीं हलका भरतो.

यांत स्मृतिकारांस उणें लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. जो कण दिसतो पण तराजूंत घालतां येत नाहीं, त्यास त्यांनीं मापमालेच्या आरंभीं मानाचें स्थान दिलें; त्याचें माप घेतलें नाहीं, कारण घेण्याचें साधन नव्हतें. दिसणें निराळें आणि मोजणें निराळें. 'आपल्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें' असें म्हणणाऱ्या मंडळींनीं हें गणित एकदां स्वतः करून पाहावें.

चाळणीच्या पलीकडे

मग मोजावें कसें? पहिला उपाय चाळणीचा. पण तारांच्या चाळणींत नेहमींच्या वापरांतलीं सर्वांत बारीक भोकें चाळीस मायक्रॉनांच्या आसपास असतात; त्याखालीं तार टिकत नाहीं आणि पूड भोकांत अडकते. दुसरा उपाय गाळ बसण्याचा. गढूळ पाणी स्वस्थ ठेवलें तर आधीं वाळू बसते व नंतर माती, हें प्रत्येक गृहिणी जाणते. स्टोक्स या गणितज्ञानें १८५१ सालीं याचा नियम दिला: बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. व्यास दशांश झाला तर वेग शतांश होतो. त्यामुळें गारेच्या दगडाची एक मायक्रॉनाची पूड पाण्यांत दहा सेंटिमीटर खालीं जाण्यास सुमारें तीस तास घेते. तितका वेळ पाणी हालूं द्यावयाचें नाहीं, तापूं द्यावयाचें नाहीं! तिसरा उपाय सूक्ष्मदर्शकाचा. तो प्रत्यक्ष दाखवितो हें खरें, पण एका चिमटींत कोट्यवधि कण, त्यांतले हजार मोजून बाकीच्यांविषयीं काय सांगावें?

यापुढचा उपाय आमच्या माजघरांतील उन्हाच्या पट्ट्यानेंच सुचविलेला आहे. आपण तरंगता कण पाहतों म्हणजे वास्तविक काय पाहतों? कणाचें रूप आपणांस दिसत नाहीं. तो आपल्यावर पडलेला प्रकाश आजूबाजूस फेंकतो, तो फेंकलेला प्रकाश दिसतो. मग या फेंकण्याच्या तऱ्हेवरूनच फेंकणाऱ्याचें आकारमान ओळखतां येणार नाहीं काय?

येतें, आणि तें कसें हें वाचकांस घरबसल्या पाहतां येईल. एखाद्या कांचेवर तोंडाची वाफ धरावी आणि अंधारांत तिच्यांतून दूरच्या लहानशा दिव्याकडे पाहावें. दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतील. पातळ ढगाआडच्या चंद्राभोंवतीं त्याला लागूनच जें रंगीत तेजोवलय दिसतें तेंही याच जातीचें. प्रकाश हा लाटांच्या रूपानें चालतो. पाण्याच्या लाटा खांबास वळसा घालून पुढें जातात त्याचप्रमाणें प्रकाशाच्या लाटा कणाच्या कडेनें वळतात, आणि पुढें एकमेकींत मिसळून कोठें उजेड तर कोठें अंधार असें कड्यांचें चित्र काढतात. यास विवर्तन म्हणतात. यांतील मर्माची गोष्ट ही कीं, कण जितका लहान तितकें कडें मोठें. टॉमस यंग या इंग्रज पंडितानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच या कड्यांवरून लोकरीच्या तंतूंची जाडी मोजण्याचें एक साधें उपकरण केलें होतें. १८३५ सालीं एअरी यानें गोल छिद्राच्या कड्यांचें गणित पुरें केलें.

त्या गणिताप्रमाणें तांबड्या लेसरच्या प्रकाशांत शंभर मायक्रॉनांच्या कणाचें पहिलें काळें कडें, तीस सेंटिमीटर नाभ्यंतराच्या भिंगामागें, मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरांवर पडतें. दहा मायक्रॉनांच्या कणाचें सव्वादोन सेंटिमीटरांवर. म्हणजे कण अदृश्य, पण त्याची सही साध्या पट्टीनें मोजतां येण्याजोगी! सूक्ष्मानें आपलें लहानपण मोठ्या अक्षरांत लिहून द्यावें, असा हा चमत्कार आहे.

पण कण फारच लहान झाला, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीशीं तुलना करण्याइतका झाला, कीं नुसत्या कडेच्या वळशाचा हिशेब पुरत नाहीं. प्रकाश कणाच्या आंतूनही जातो व त्याचीही गणना करावी लागते. हें गणित गुस्टाव्ह मी या जर्मन पदार्थशास्त्रज्ञानें १९०८ सालीं, पाण्यांत तरंगणाऱ्या सुवर्णकणांच्या रंगांचा उलगडा करतांना, सविस्तर प्रसिद्ध केलें. लाटेहूनही पुष्कळ लहान कणांची रीत रॅले यानें १८७१ सालींच सांगितली होती. आकाशाचा निळा रंग तिच्यामुळेंच. आणि समुद्राचा निळेपणा हें केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनींच विखुरलेला प्रकाश आहे, हें आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या समुद्रप्रवासानंतर दाखवून दिलें. सूत्रें अशीं तयार होतीं. उणीव होती ती योग्य दिव्याची.

साध्या दिव्याचा प्रकाश म्हणजे जत्रेंतील गर्दी: नाना रंगांचे लोक, ज्याची त्याची चाल निराळी. लेसरचा प्रकाश म्हणजे पंढरीच्या वाटेवरची दिंडी: एक रंग, एक दिशा आणि सर्वांचें पाऊल एका टाळावर. पहिला लेसर १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत मेमन यानें माणकाच्या कांडीपासून उत्पन्न केला. हीलियम व निऑन या वायूंचा तांबडा लेसर १९६२ सालीं आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या साह्यानें कण मोजणारीं यंत्रें बाजारांत आलीं, आणि १९९९ सालीं या रीतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीचा दर्जा मिळाला.

यंत्राचें दर्शन

पुतण्याच्या ओळखीनें एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हें यंत्र पाहण्याचा योग आला. आम्हीं बरोबर तीन पुड्या नेल्या होत्या: घरची वस्त्रगाळ सुंठ, चक्कीवरची कणीक आणि रांगोळी. यंत्र पाहून प्रथम आमची निराशा झाली. एका लांबट बंद पेटीपलीकडे पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. लेसर डोळ्यांत गेल्यास अपाय होतो म्हणून झांकण उघडें असतां तो लागतच नाहीं. पण तेथील अध्यापकांनीं आंतली व्यवस्था समजावून सांगितली ती अशी: एका टोंकास लेसर, मध्यें कांचेची एक अरुंद कोठडी, तिच्यांतून पाण्याबरोबर किंवा हवेच्या झोताबरोबर कण वाहत जातात, पलीकडे भिंग, आणि त्यामागें निरनिराळ्या कोनांवर बसविलेले कित्येक प्रकाशमापक. प्रत्येक मापक आपल्या कोनांत किती उजेड पडला एवढेंच सांगतो. उरलेलें काम संगणकाचें.

तें काम सोपें नाहीं. पुडींत एकाच आकारमानाचे कण असते तर एकच कडें पडतें. पण तेथें नाना आकारमानांचे कण. सर्वांचीं कडीं एकमेकांवर पडून उजेडाची एक धूसर बेरीज तेवढी हातीं येते. वाण्याकडच्या चाळीस पावत्यांवर फक्त एकूण रक्कम लिहिलेली आहे, प्रत्येक जिनसाचा भाव आपणांस ठाऊक आहे, आणि त्यावरून कोणता जिन्नस किती आणला हें शोधून काढावयाचें आहे. तशांतला हा प्रकार. भास्कराचार्यांच्या लीलावतींत व्यस्तविधि सांगितला आहे, उत्तराकडून प्रश्नाकडे जाण्याचा. येथेंही व्यस्तविधिच आहे, पण फरक हा कीं लीलावतींत उत्तर एकच निघतें. येथें बेरजेंत थोडी चूक शिरली तरी जवळजवळ तशीच बेरीज देणारीं अनेक उत्तरें निघूं शकतात. म्हणून संगणकास कांहीं समंजस अटी घालाव्या लागतात.

आमच्या पुड्यांचें उत्तर पडद्यावर टेकडीसारख्या रेषेंत उमटलें. सुंठेची टेकडी डावीकडे, म्हणजे बारीक बाजूस. रांगोळीची पुष्कळ उजवीकडे. कणकेची तर पसरट व उंचसखल. कणीक पाण्यांत फुगते म्हणून ती हवेच्या झोतानेंच मोजावी लागली. टेकडीखालीं तीन आंकडे येतात. मधला आंकडा म्हणतो कीं मालाचा निम्मा भाग या व्यासाहून बारीक आहे. दुसरे दोन दहा टक्के व नव्वद टक्के यांची सीमा सांगतात. पण हे टक्के नगांचे नव्हेत, आकारघनाचे होत, हें विसरतां कामा नये. शंभर मायक्रॉनांचा एक कण हा एका मायक्रॉनाच्या दहा लाख कणांच्या बरोबरीचा आहे. एका पंगतींत एक हत्ती व दहा लाख मुंग्या जेवावयास बसल्या असतां 'सरासरी पाहुणा केवढा' असें विचारलें, तर नग मोजणारा 'मुंगीएवढा' म्हणेल. धान्य मोजणाऱ्यास मात्र हत्तीची दखल घ्यावीच लागेल. दोघेही खरें बोलतात. आपण काय विचारलें हें आपणांस ठाऊक पाहिजे.

मग अध्यापकांनीं आम्हांस एक धडा दिला. आमच्या रांगोळीच्या पुडींतून प्रथम वरचा चमचा घेतला होता. आतां त्यांनीं तळचा चमचा घेऊन पुन्हां मोजलें. टेकडी स्पष्टपणें सरकली! प्रवासांत पुडीस हिसके बसून बारीक पूड तळाशीं व जाड कण वर झाले होते. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकजीव शिजला असेल तर. यंत्र लाखांचें असलें तरी चमचा घेणारा हात अजाण असेल तर उत्तर खोटें. तसेंच माल फार घातला तर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर असा अनेकदां उडतो व यंत्र फसतें. पाण्यांत बुडबुडे राहिले तर यंत्र त्यांसही कणच समजतें. गुठळ्या फोडल्या नाहींत तर गुठळीलाच कण म्हणतें. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, यंत्र प्रत्येक कणास गोल मानतें. सुईसारख्या किंवा अभ्रकाच्या पापुद्र्यासारख्या कणाविषयीं तें एवढेंच सांगतें कीं, हा अमक्या व्यासाच्या गोळ्याप्रमाणें प्रकाश फेंकतो.

एका मायक्रॉनाहूनही फार लहान कणांसाठीं लेसरचीच पण निराळी रीत आहे. असे कण द्रवांत सतत थरथरत असतात. रॉबर्ट ब्राउन यानें १८२७ सालीं परागांतील कणांची ही थरथर पाहिली; आइन्स्टाइननें १९०५ सालीं तिचें गणित दिलें. लहान कण चपळ, मोठा मंद. त्यांवरून आलेला प्रकाश किती झपाट्यानें लुकलुकतो तें मोजून आकारमान काढतात. पहिल्या रीतींत कण कोठें प्रकाश फेंकतो तें पाहावयाचें, दुसरींत तो प्रकाश कसा लुकलुकतो तें.

वजन तेंच, गुण निराळा

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक मायक्रॉनाचे घन केले तर वजन तेंच राहून पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो, म्हणजे एका लहान खोलीच्या जमिनीएवढा! सिमेंट किती लवकर घट्ट होतें, गोळी पोटांत किती विरघळते, हें या पृष्ठभागावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. गजकर्णावरील ग्रिसिओफल्व्हिन या औषधाची पूड अधिक बारीक केली तेव्हां पूर्वींची निम्मी मात्रा पुरेशी ठरली. हृदयविकारावरील डिगॉक्सिनची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. त्याची योग्य मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडें. इंग्लंडांत १९७२ सालीं एका प्रचलित गोळीच्या बनावटींत बदल झाला आणि वजन तेंच असतां रक्तांत उतरणारें औषध पुष्कळ वाढलें. कण जितका बारीक तितकें हें औषध अधिक उतरतें, असें पुढील प्रयोगांनीं दाखविलें. 'औषध तें औषध' म्हणणारे आम्हीच एकटे नव्हतों, एवढेंच यांतलें समाधान!

वहिनींच्या कॅप्सूलमध्यें तर आणखी युक्ति असते. एक ते पांच मायक्रॉनांचे कण एकमेकांस चिकटतात व मोकळेपणानें उडत नाहींत. म्हणून लॅक्टोज या दुधाच्या साखरेच्या, कित्येक पटींनीं मोठ्या कणांवर त्यांस बसवितात. रोग्यानें जोरानें श्वास ओढला म्हणजे औषधाचे कण साखरेवरून सुटून छातींत जातात, आणि साखर जड म्हणून घशांतच राहते. वहिनींस जो ठसका येई तो बहुधा या साखरेचाच. अशा औषधाची अखेरची कसोटी हवेच्या झोतांत त्यास टप्प्याटप्प्यांच्या तबकड्यांवर आदळवून घेतात. पण पूड दळतांना व पारखतांना लेसरचें यंत्र पहारा करीत असतें. एवढ्या कष्टानें घडविलेला कण आम्हीं मधांत कालवला! आणि वहिनींनीं कॅप्सूल मूळ वेष्टनांतून काढून पितळी डबींत भरल्या होत्या. पावसाळी दमटपणानें पुडीच्या गुठळ्या होतात. मग तोंडानें ओढूनही काय उपयोग? म्हणून ज्या घरांत असें औषध आहे त्यांनीं कॅप्सूल घेण्याच्या क्षणींच वेष्टनांतून काढावी, उपकरणांत फुंकर मारूं नये, ओढण्यांत जोर असावा, थोडा वेळ श्वास रोखावा व नंतर चूळ भरावी. आणि जमत नसल्यास डॉक्टरांस विचारावें. घरांतील संस्कृत पंडितास विचारूं नये.

प्रयोगशाळेंतून परत आल्यावर आम्हीं वहिनींस सर्व हकीकत सांगितली व आमच्या सल्ल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनीं कड्यांचें गणित मनावर घेतलें नाहीं, पण साखरेवरून औषधाचे कण सुटतात हें ऐकतांच त्या म्हणाल्या, "म्हणजे पालखी मध्येंच ठेवून देव तेवढा आंत न्यायचा. हें तुम्हीं आधीं सांगितलें असतेंत तर मी ठसक्याला भ्यालें नसतें!" त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः उपकरण हातीं घेतात. पुढचा पावसाळा रुग्णालयाची पायरी न चढतां पार पडला.

आजही पूर्वेच्या खिडकींतून तो पट्टा उतरतो आणि त्रसरेणु नाचूं लागतात. पूर्वीं आम्ही त्यांच्याकडे पाहून श्लोक म्हणत असूं. आतां श्लोक म्हणतोंच. पण तो संपल्यावर क्षणभर थांबून पलीकडच्या खोलींतून येणारा वहिनींचा दीर्घ श्वासही ऐकतों.